उजवीकडनं खातोय की!

खाण्यासाठी मराठीत क्रियापदांचा दुष्काळ नाही. हादडणे, चापणे, हाणणे, ओरपणे, भुरकणे, मटकावणे, रिचवणे, फस्त करणे, ताव मारणे, आडवा हात मारणे, बोकाणे भरणे. यादी वाचूनच ढेकर यावी. पण एवढ्या गर्दीत दात कुठं आहेत? सगळा कारभार हाताचा आणि घशाचा. दातांच्या वाट्याला आलं 'चावणे', तेही कुत्र्याच्या भागीदारीत. 'चघळणे' आहे, पण ते गोळीला आणि शेजारच्यांच्या भानगडींना. 'रवंथ' म्हशीला देऊन टाकला आणि 'चर्वण' परिसंवादांना. आपण चावण्याची किती कदर करतो हे कळायला कुणाचं तोंड उघडायची गरज नाही, शब्दकोश उघडला तरी भागतं.

माझा धंदा मात्र तोंडं उघडायला लावण्याचा. दातांच्या डॉक्टरला लग्नाच्या पंगतीत बसवू नये, हे माझं स्वतःविरुद्धचं मत आहे. बाकीच्यांचं लक्ष जिलेबी पुन्हा फिरणार का याकडं असतं, माझं समोरच्या ओळीतल्या जबड्यांकडं. तिसऱ्या पानावरचे काका फक्त उजवीकडनं चावतायत. डावा गाल सुट्टीच्या दिवशीच्या कचेरीसारखा निपचित. शेजारचा पोरगा घास तोंडात टाकतो, जबडा दोनदा वरखाली करतो आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावून विसर्जन करतो. पलीकडचा तरुण पुरीची चौघडी घालून पोस्टाच्या पेटीत पत्र सारावं तशी ती आत सारतोय, कारण त्याची पेटी तेवढीच उघडते. आणि कोपऱ्यातले आजोबा ताटातल्या कुरडईकडं बघूनच ती खाल्ल्याचं समाधान मानून घेतायत. वाढपी म्हणतो, "डॉक्टर, घ्या की, काय बघताय?" काय सांगणार त्याला? मंगल कार्यालयात बसून मी मनातल्या मनात ओपीडी काढत असतो.

प्रत्येक घास ३२ वेळा चावावा, हा शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. दात ३२ म्हणून घासही ३२ वेळा. याच न्यायानं बोटं २० म्हणून आंघोळीला २० तांबे घ्यायला हवेत. बरं, कित्येकांना अक्कलदाढा आलेल्याच नसतात. त्यांनी २८ वर थांबायचं का? हिशेब करून बघा. शाळूच्या एका भाकरीचे वीसेक घास होतात. २० गुणिले ३२, झाले ६४०. जबडा साधारण सेकंदाला एक फेरी मारतो, म्हणजे एका भाकरीला जवळजवळ ११ मिनिटं. दोन भाकऱ्यांना २२. भात अजून वाढायचाय. आणि मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, नाहीतर सतराव्यावरून पुन्हा एकपासून सुरुवात. असला माणूस घरात असला तर जेवणाच्या टेबलावर श्राद्धाची शांतता पसरते.

हे वेड आपल्याकडचंच आहे असं नाही. अमेरिकेत होरेस फ्लेचर (१८४९ ते १९१९) नावाचा श्रीमंत गृहस्थ होऊन गेला. घासाचं पाणी होऊन तो आपोआप घशात उतरेपर्यंत चावायचा, असा त्याचा पंथ. दूधसुद्धा तोंडात घोळवून चावायचं. पातीच्या कांद्याच्या एका तुकड्याला ७२२ वेळा चावावं लागलं, अशी त्याच्या गोटातली नोंद आहे. ७२२! आमच्याकडं तेवढ्यात झुणका, भाकर, कांदा सगळं संपून माणूस बांधावर आडवा झालेला असतो.

आणि खरं तर ३२ चा मान माणसापेक्षा गायीचा. तिलाही ३२ च दात असतात, फक्त वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. तिथं कडक हिरडीची गादी असते. दिवसाकाठी सात-आठ तास ती निव्वळ रवंथ करते. पण तिला चार कप्प्यांचं पोट आहे आणि हापिसला जायचं नाही. माणसाला घास एकदा खाली गेला की परत मागवता येत नाही. पोटात दात नाहीत. हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणतो आणि चारही वेळा समोरचा असा चमकतो, जणू मीच ते काढून टाकलेत.

मोजू नका, हे आधी सांगतो. दहीभाताला ३२ वेळा चावणं म्हणजे झोपलेल्याला झोपेची गोळी. उलट मूठभर शेंगदाण्याला कधीकधी ३२ ही कमी पडतात. तोंडातल्या मालाचा आकार जिभेला ओळखू येईनासा झाला की गिळायचं. हा दाणा, ही फोड, हे भाकरीचं पापुद्र्याचं टोक, असं जीभ सांगू शकत असेल तर घास अजून झालेला नाही. दाणा साधारण दोन मिलिमीटरच्या आत बारीक व्हावा लागतो. त्याहून मोठा गेला तर आतलं तेल पेशींच्या भिंतीआड बंदच राहतं आणि पैसे दिलेला शेंगदाणा फुकट प्रवास करून जातो. महाबळेश्वरच्या वाटेवर गाडी थांबवून खाल्लेलं मक्याचं कणीस दुसऱ्या दिवशी सकाळी काय अवस्थेत भेटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आता एकच घास जवळून बघू. शाळूची भाकरी, वर ठेचा. पुढच्या दातांचं काम तोडण्याचं, पण भाकरी आपण हातानंच मोडतो, त्यामुळं ते आठ जण आपल्याकडं बहुतेक पेरू आणि कणसापुरते कामावर येतात. तुकडा आत गेला की जीभ तो उचलून दाढांवर टाकते. बाहेरून गाल आणि आतून जीभ मिळून त्याला दाढांच्या मधोमध धरून ठेवतात, बाई जात्यात वैरण घालताना हात सांभाळते तसं. जबडा नुसता वरखाली होत नाही. खाली जातो, थोडा बाजूला सरकतो, मग तिरका वर येऊन घासतो. समोरून बघितलं तर हनुवटी हवेत पाण्याच्या थेंबाचा आकार काढते. हे सगळं सेकंदाभरात, रोज हजारो वेळा, आणि चुकून एकदा वेळ चुकली की जीभ नाहीतर गाल दातांत. मग आपण कपाळावर आठी घालून बसतो. त्याआधीच्या हजार फेऱ्यांबद्दल कधी कुणी आभार मानलेत?

त्यात लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेच्या समोर जिभेचं टोक फिरवलं तर एक बारीक उंचवटा लागतो. कानाजवळच्या लाळग्रंथीचा नळ तिथं उघडतो. चावायला लागलं की हा नळ कित्येक पट सुटतो. लाळेतला पाचक रस स्टार्चची साखर करायला तिथंच सुरुवात करतो, म्हणून नुसती भाकरी नीट चावली की गोड लागते. ज्याला भाकरी कधीच गोड लागली नाही, त्यानं ती कधी चावलेलीच नाही. शिवाय लाळ आम्ल मारते. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरचे जंतू आम्ल सोडतात. तोंडातला पीएच, म्हणजे आम्ल मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली गेला की दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. लाळेनं ते पूर्ववत व्हायला अर्धा तास, कधी तासभर लागतो. म्हणून किती भडंग खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व. वाटीभर एका बैठकीत संपवलं तर हल्ला एकच. टेबलाच्या खणात पुडी ठेवून दुपारभर चिमूट-चिमूट टाकत राहिलं तर तोंडात दिवसभर संचारबंदी. आमच्या भडंगात लसूण सालासकट असतो, दाणे असतात, कढीपत्ता असतो आणि साखरेचा हातही असतो. चुरमुऱ्याचा लगदा दाढेच्या खाचांत असा बसतो की गवंड्यानं लिंपावं.

दातांच्या मुळांभोवती एक पातळ गादी असते, तिच्या जाणिवेला तोड नाही. वीसेक मायक्रॉन जाडीची वस्तूही दोन दातांत आली की ती कळते. केस त्याच्या काही पट जाड असतो. भातात खडा आला की मेंदूला निरोप जाऊन जबडा उघडतो, तो आपण "आई गं" म्हणायच्या आधीच. हे नसतं तर तांदूळ निवडणारी बाई आणि दातांचा डॉक्टर, दोघांनाही दिवसरात्र काम करावं लागलं असतं.

एवढी यंत्रणा दोन्ही बाजूंना मिळालेली असताना माणूस अर्धी बंद ठेवतो. तिसऱ्या पानावरच्या काकांकडं आता वळतो. खरं सांगायचं तर माझा निम्मा धंदा त्यांच्यावर चालतो.

सुरुवात नेहमी सारखीच. डाव्या खालच्या दाढेत कीड लागते. बहुतेक वेळा ती पहिली मोठी दाढ असते, जी वयाच्या सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागं, एकही दात न पडता गुपचूप येते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच हाय की, कशाला खर्च?" ती पडत नाही, तिला ७० वर्षं काढायची असतात. तिशी-पस्तिशीत तिच्यात गार पाणी झोंबायला लागतं. माणूस डॉक्टरकडं जात नाही, घास उजवीकडं नेतो. दुखणं थांबतं. आणि मग ते अमर वाक्य: "उजवीकडनं खातोय की! काय त्रास न्हाई." पुलाला तडा गेला म्हणून सगळी वाहतूक दुसऱ्या पुलावरून वळवायची आणि तडा बुजला असं समजायचं, तसला हा प्रकार.

बिनकामाच्या बाजूला काय होतं? भाकरी, काकडी, गाजर असलं खरखरीत काही तिकडं फिरकतच नाही, त्यामुळं तिथली लाळ आणि घासणी दोन्ही थंड. दातांवरचा मऊ थर साचून खडीसारखा दगड होतो, हिरडी सुजते, ब्रशला रक्त येतं. रक्त येतं म्हणून माणूस तिकडं ब्रशही हळूच फिरवतो, की थर आणखी वाढतो. आरसा घेऊन दोन्ही गाल बोटानं ओढून बघा; ज्या बाजूला पिवळं-तपकिरी कीटण जास्त, ती बाजू बहुधा बेकार आहे. (खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचं कीटण यात धरू नका. जिभेखाली लाळेचा दुसरा नळ आहे, तिथं ते सगळ्यांनाच साचतं.) आणि काम करणारी बाजू? तिथल्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट होतात, भरलेलं सिमेंट उडतं, जुनी दाढ चिरते. दात आवळून गालावर हात ठेवा. कानाच्या खाली पुढं जो गोळा फुगतो तो चावायचा मुख्य स्नायू. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं चावणाऱ्यांचा तो गोळा एका बाजूला जास्त भरलेला असू शकतो. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा एक गाल मोठा दिसला तर फोटोग्राफरला शिव्या देण्याआधी दाढा मोजाव्यात.

मग कान. कानाच्या छिद्रासमोर बोट ठेवून तोंड उघडझाप करा, जबड्याचा सांधा बोटाखाली हलतो. शरीरात असा सांधा विरळा: बिजागरीसारखा फिरतो आणि खणासारखा पुढं सरकतोही, आणि दोन्ही बाजूंचे मिळूनच हलतात. मधे एक छोटी चकती असते. ती जागेवरून सरकली की 'टक्' वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तर एवढं घाबरू नका. दुखायला लागलं, जबडा अडकायला लागला, सकाळी गाल जड वाटायला लागले, तर दाखवा. तोवर मोठ्ठी जांभई द्यायची नाही, च्युइंगम बंद, आणि पेरू अख्खा नाही, फोडी करून. यातली निम्मी माणसं आधी कानाच्या डॉक्टरकडं जाऊन, कान साफ करून घेऊन आमच्याकडं येतात.

दाढ काढून टाकली आणि जागा मोकळी ठेवली तर आणखी गंमत. मागची दाढ त्या मोकळ्या जागेत पुढं कलते, एसटीत शेजारचा उठल्यावर पलीकडचा पसरतो तशी. वरची समोरची दाढ, खाली आधार नाही म्हणून, हळूहळू खाली उतरते. दोन-चार वर्षांनी कुणी दात बसवायचा विचार केला तर दात मावायला जागाच नसते. म्हणून काढतानाच पुढचा हिशेब विचारून घ्यावा, घर पाडायच्या आधी नकाशा मंजूर करून घेतात तसा.

"डॉक्टर, उद्यापासनं दोन्हीकडनं खातो," असं म्हणून लोक जातात, आणि ते जमत नाही. जमणारही नाही, कारण जबडा शहाणा आहे, दुखऱ्या बाजूला घास नेत नाही. आधी कारण काढायचं. गार लागलं की क्षणभर ठणका आणि मग गायब, तर बहुधा कीड किंवा उघडी पडलेली मुळी. गार-गरमानंतर ठणका मिनिटांनी रेंगाळतो, रात्री उठवतो, तर नस दुखावली, रूट कॅनालचा विषय. दाबल्यावर दुखतं तर मुळाच्या टोकाशी काहीतरी. आणि दाबताना काही नाही पण सोडताना कळ येते, तर दाढ चिरलेली असण्याची शक्यता फार. सुपारीचं खांड, हुरड्यात आलेला खडा, दगडी तिळगूळ यांची ही करामत. हे सगळं निस्तरलं, कीटण काढून घेतलं, की मग सराव: पहिला आठवडा मऊ घास बेकार बाजूला, भात-वरण, केळं, दुसऱ्या आठवड्यात पोळी, मग भाकरी. घास तोंडात टाकताना मुद्दाम त्या बाजूला ठेवायचा, पुढचं काम जीभ करते. एखादी बाजू किंचित आवडती राहणारच, लिहायला हात असतो तशी. तेवढी चालते.

पाण्यानं घास ढकलणाऱ्या पोराचं कारण वेगळं आहे. त्याच्या समोर मोबाईल आहे. त्याला आपण जेवतोय हेच माहीत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. हा गडी सात मिनिटांत उठतो, म्हणजे निरोप येतो तेव्हा दुसऱ्यांदा वाढून झालेलं असतं. भराभर खाणाऱ्यांचं वजन वाढतं ते असंच. शिवाय घासाबरोबर हवा गिळली जाते, ती दुपारी मिटिंगमध्ये ढेकर देऊन सभेची परवानगी मागते. लोक याला 'पित्त' म्हणतात आणि गोळी घेतात. 'पाणी पिऊ नको' असं मी म्हणत नाही. तोंडात घास असताना पिऊ नको, एवढंच. घास गिळ, मग पी. आणि पुढचा घास हातात तयार धरून बसू नको. आपली खोड अशी की पहिला तोंडात, दुसरा बोटांत, तिसरा नजरेत. हात ताटावर टेकव, तोंड रिकामं झालं की उचल. ३२ आकडे मोजण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि शेजारच्याला कळतही नाही.

लहानांची गोष्ट याच्या उलट. ती घास गालात साठवून बसतात, अर्धा तास. "गीळ की रं!" म्हणून आई पाठीत धपाटा घालते, तो तेवढा टाळावा, कारण तोंडात ऐवज असताना दचकलेलं मूल श्वास आत ओढतं. चार-पाच वर्षांखालच्या पोराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊच नयेत. आमचा तासगावचा द्राक्षाचा भाग, प्रेमानं घड हातात देतात. द्राक्ष उभं कापून द्यावं. मोठा माणूस ठसका लागल्यावर "कुणीतरी आठवण काढली" म्हणत हसतो. खोकता येतंय, बोलता येतंय, तोवर हसायला हरकत नाही. आवाजच फुटेनासा झाला, हात गळ्याकडं गेला, तर आठवण कुणाची हे नंतर बघावं, आधी मदतीला धावावं.

उसाबद्दल बोललो नाही तर कृष्णाकाठ मला वाळीत टाकेल. ऊस खाऊन दात साफ होतात, हा इथला ठाम सिद्धांत. चोथा घासतो, लाळ सुटते, हे खरं. पण कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघणारी साखर, अकरा-बारा टक्के धरला, तर अर्ध्या किलोच्या कांड्यात पंचावन्न-साठ ग्रॅम साखर झाली. झाडूनं अंगण लोटायचं आणि मागून काकवी शिंपडत यायचं, असा तो सफाईचा प्रकार. खा, पण एका बैठकीत, वर चूळ भरा, आणि साल दातानं सोलू नका. दाताच्या काठावरचं इनॅमल टवका होऊन उडतं. ते शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य, पण काचेसारखं ठिसूळ, आणि एकदा गेलं की परत उगवत नाही. दातानं दोरा तोडणारे, बाटलीचं झाकण उघडणारे, बर्फ कडाकडा फोडणारे, सगळे याच खात्यात. मागच्या दाढांना जोर लावला तर पन्नास-साठ किलोचा दाब देता येतो. पैलवानकीच्या जिल्ह्यात एवढं ऐकल्यावर माणसाला तो लावून बघायचा मोह होतो, हेच अवघड.

पुरीची चौघडी घालणाऱ्या तरुणाजवळ आलं की माझी थट्टा जरा आवरते. तो दिवसभर चावतोच आहे: मावा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकमध्ये घोळून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मावा हातानं मळून मिळतो, म्हणून घरगुती लोणच्यासारखा निरागस वाटतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलेलं आहे, तंबाखू नसली तरी. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ कातडं पांढुरकं, चिवट होतं, आत दोऱ्यासारखे पट्टे ताणले जातात आणि तोंड उघडेनासं होतं. पहिली खूण म्हणजे तिखट झोंबायला लागणं. सांगलीचा माणूस "हल्ली ठेचा सोसत न्हाई" म्हणाला की मी टॉर्च पेटवतो. घरी करायची तपासणी: स्वतःची तीन बोटं, उभी, एकावर एक, पुढच्या दातांच्या मधे जायला हवीत. दोनच जात असतील तर थांबू नका. आकसलेलं कातडं पूर्ववत होत नाही, पण सुपारी सोडली तर पुढची घसरण थांबवायला वाव राहतो. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायचाच, दुखत नसला तरी. न दुखणाराच जास्त वाईट. आणि मावशी, तव्यावर भाजलेली मिश्री म्हणजे तंबाखूच. ती दातांना 'लावतात', खात नाहीत, हा युक्तिवाद हिरडीला समजत नाही.

राहिले कोपऱ्यातले आजोबा. त्यांची कवळी त्यांच्या वरच्या खिशात आहे, कारण "जेवताना त्रास हुतो". म्हणजे जेवायला केलेली कवळी फोटो काढायला वापरतात. चूक त्यांची एकट्याची नाही. कवळी देताना ती चालवायची कशी हे कुणी सांगत नाही. मुळात खऱ्या दातांच्या चौथा-पाचवा हिस्साच जोर तिच्यात येतो, आणि खडा कळणारी ती गादी तिच्याखाली नसते. पुढच्या दातांनी तोडायला गेलं की मागची बाजू उचलते, खेळण्यातल्या सीसॉसारखी. म्हणून तोडायचंच नाही. घास छोटा करायचा, दोन भाग करून दोन्ही बाजूंना एकदम ठेवायचा आणि सरळ वरखाली चावायचं. इथं मात्र 'उजवीकडनं खातोय की' अजिबात चालत नाही. एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू हवेत. पहिले काही दिवस मऊ भात, खिमट, उप्पीट. मग पोळी वरणात कुस्करून. मग भाकरी दुधात. कुरडईचा तुकडा खाली सरकला तर कवळी काढून धुवायची, जिभेनं उकरत बसायचं नाही. रात्री काढून साध्या पाण्यात, गरम पाण्यात वाकते. धुताना खाली बादलीत पाणी असू द्या, हातातून निसटली तर फुटायची नाही. टूथपेस्टनं चरे पडतात, साबण बरा. आणि सात-आठ वर्षांपूर्वीची कवळी ढिली झाली तर ती 'मोठी' झालेली नसते, खालचं हाड झिजलेलं असतं. आतून अस्तर लावून मिळतं.

हे मी आजोबांना सगळं सांगतो. ते मान डोलावतात. मग घरी जाऊन कवळी फडताळात ठेवतात, कपात चहा ओततात, त्यात मूठभर भडंग टाकतात आणि चमच्यानं दाबून भिजवतात. चुरमुरे मऊ होऊन वर येतात, ते ओरपून घेतात. शेंगदाणे तळाला बसतात. ते बशीत काढून नातवाकडं सरकवतात, "घे, तुला दात हायत न्हवं?" नातू मोबाईलवरची नजर न काढता सगळे एकदम तोंडात टाकतो.

उजवीकडं.